पाच गावांनी मागितलेली नर्सबाई

वैदामूच्या दवाखान्यात बीपी मोजायचं यंत्र एकच होतं, आणि एकोणीस वर्षांत ते अलुमिताच्या स्वतःच्या दंडाला एकदाही लागलं नव्हतं. लोकांना मात्र ती रोज ओरडायची. मीठ कमी करा, डब्यातलं मांस बंद करा, गोळी चुकवू नका. स्वतः दुपारी दवाखान्याच्या मागच्या पायरीवर बसून डब्यातला मासा डब्यातूनच खायची, कारण ताट घ्यायला उठलं की तेवढ्यात कुणीतरी दारात उभं असायचं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, असं तिला कुणी तोंडावर म्हटलं असतं तर ती हसली असती आणि पुढच्या पेशंटला आत घेतलं असतं.

ती या बेटावरची नव्हे. माहेर मोठ्या बेटावरचं, तिथल्या रेवा नदीच्या काठचं. राजधानीत, सुवाला, नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना तिची आई गेली. नदीवर कपडे धूत होती, एका बाजूला कलंडली, आणि बायकांनी उचलून घरी आणेपर्यंत तिचं बोलणं गेलं होतं. दोन दिवसांनी ती गेली. वय वर्षं त्रेपन्न. त्या मयताला पाहुण्यांनी देवमाशाचे दात आणले होते, आमच्याकडे मोठ्या प्रसंगी आणतात तसे. त्यातला एक भावांनी अलुमिताला दिला. तो तिने टॉवेलात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवला आणि पुढे बदली होईल तिथे तो तिच्याबरोबर जात राहिला.

लग्न झालं ओसेयाशी. ओसेयाचं गाव याच बेटाच्या पलीकडच्या अंगाला, वैदामूपासून बोटीने तासाभरावर. म्हणून वैदामूला जागा निघाली तेव्हा तिने मागून घेतली. वय होतं बत्तीस. पाच गावं, एक नर्स, एक चाळीस हॉर्सपॉवरची फायबरची बोट आणि निरोप द्यायचा-घ्यायचा एक रेडिओ. डॉक्टर लेवुकाला, समुद्र शांत असेल तर चार तास. समुद्र शांत नसेल तर डॉक्टर अलुमिताच.

या बाईने काय केलं नाही ते विचारा. बाळंतपणं केली, अंगात रुतलेले मासेमारीचे गळ काढले, साखरेच्या पेशंटची सडलेली बोटं धुतली, यांगोना, म्हणजे मुळं कुटून केलेलं नशेचं पाणी, पिऊन भांडलेल्या भावांची डोकी शिवली आणि शिवता शिवता दोघांनाही झापलं. लहानपणी तिच्याकडून लस टोचून घेतलेल्या मुली आता आपली मुलं घेऊन तिच्यापुढे बसत. लोकांना ती आवडायची. आवडायची म्हणूनच कधीही हाक मारायचे. रविवारी देवळातून उठवून नेलं तर त्यात कुणाला काही गैर वाटत नसे, तिलाही नाही. पण एक गोष्ट झाली होती आणि ती तिने ओसेयालासुद्धा सांगितली नव्हती. खाडीत बोटीच्या इंजिनाचा आवाज शिरला की तिच्या छातीत धडधड सुरू व्हायची. ती बोट मासे घेऊन आलेली असो की पाद्रीबाबांना घेऊन, छाती ऐकत नसे. किनाऱ्यावरून हाका आल्या नाहीत, म्हणजे कुणी आजारी नाही, असं कळेपर्यंत ती हातातलं काम तसंच धरून उभी राहायची. दिवसातून आठ-दहा वेळा.

मग तो जुलैतला दिवस आला. शाळेच्या व्हरांड्यात लस टोचायची होती. तिसरीच्या मुलांची रांग लागलेली. अलुमिताच्या हातातून सिरिंज पडली. ती उचलायला वाकली तर बोटं मिटेनात. "थांबा" म्हणायला गेली तर तोंडातून भलताच आवाज निघाला आणि ओठ एका बाजूला ओढला गेला. मुलांना वाटलं, नर्सबाई भीती घालवायला तोंड वेडंवाकडं करून दाखवतायत. सगळी खदाखदा हसली. तीही बाकावर बसून हसायचा प्रयत्न करत राहिली. दहा-बारा मिनिटांनी बोटं परत आली, बोलणं परत आलं. तिने मास्तरांना सांगितलं, राहिलेल्यांना उद्या टोचते, आणि दवाखान्यात येऊन दार लावून घेतलं.

पट्टा दंडाला गुंडाळला. वरचा आकडा दोनशे दहा. यंत्र बिघडलं असेल म्हणून तिने दार उघडून सेरेमायाला आत ओढलं. सेरेमाया दवाखान्याची बोट चालवायचा. ओसेयाचा मामेभाऊ, म्हणजे नात्याने तिची थट्टा करण्याचा हक्कच त्याला होता आणि तो हक्क त्याने कधी वाया घालवला नव्हता.

"काय झालं? मी मरतोय का?" तो म्हणाला.

"गप बस. हात सरळ कर."

"मरत असेन तर आधी सांग, बायकोला तिची मोठी कढई कुठे लपवली ते सांगायचंय."

त्याचा आकडा आला एकशे वीस. यंत्र ठणठणीत होतं. "तू कसला मरतोस," अलुमिता म्हणाली, "तू शंभर वर्षं लोकांचं डोकं खाणार." आणि पाठ फिरवून तिने कपाटातल्या बाटल्या उगाच सरळ लावल्या.

लेवुकाला डॉक्टर नायडू होत्या. तुमच्या देशातून ऊस तोडायला आणलेल्या मजुरांच्या घरातली, साठीला आलेली, तोंडाने फटकळ बाई. अलुमिताला त्या वीस वर्षं ओळखत. त्यांनी तपासलं, पुन्हा तपासलं आणि चष्मा काढून ठेवला.

"अलुमिता, तुला मी काय शिकवणार. तो छोटा झटका होता हे तुला तिथेच कळलंय."

"कळलंय."

"आई कितव्या वर्षी गेली तुझी?"

"त्रेपन्नाव्या."

"आणि तू?"

"एक्कावन्न."

डॉक्टरांनी गोळ्या लिहायचा कागद पुढे ओढला. मग म्हणाल्या, "गोळ्या देते. पण तू रेडिओ उशाशी घेऊन झोपणार, तिथे गोळी काय करणार? पुढच्या वेळी तू पडशील तेव्हा उचलायला नर्स कोण येईल, सांग मला. तूच ना? नोकरी सोड. या वर्षाच्या आत सोड. सुवाला जाऊन डोक्याचा फोटोही काढून घे."

अलुमिता बोटीत बसली तेव्हा तिला रडू आलं. भीतीने आलं हे खरं, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटून आलं. कुणीतरी बाहेरच्या माणसाने 'पुरे' म्हणावं याची ती कितीतरी वर्षं वाट पाहत होती, आणि तिला तेच माहीत नव्हतं.

तिने राजीनामा लिहिला. वरच्या ऑफिसातून मंजुरीचं उत्तर आलं, ऑक्टोबरअखेर मोकळं करतो म्हणून. इथवर सगळं रीतसर. चूक तिने यानंतर केली, आणि आमच्या बेटांवर याहून मोठी चूक करता येत नाही. तिने गावांना काही सांगितलंच नाही.

दोन दिवस राहिलेला पाहुणासुद्धा निघताना यांगोनाच्या मुळांची जुडी पुढे ठेवतो, जाण्याची परवानगी मागतो, घरचे ती देतात, मग तो जातो. एकोणीस वर्षं राहिलेल्या बाईने फक्त कागद धाडला. ओसेयाने दोनदा टोकलं. "नोकरी सरकारची आहे," ती म्हणाली, "सरकारला कळवलं. झालं." पण खरं कारण ते नव्हतं. जुडी घेऊन पाच गावांच्या म्हाताऱ्यांपुढे बसलं की ते तोंडाकडे बघणार, आणि त्यांची तोंडं बघितली की आपण राहणार, याची तिला खात्री होती.

डोक्याचा फोटो काढायला ती चार दिवस सुवाला गेली, आणि तेवढ्यात ऑफिसातल्या कारकुनाने रेडिओवरून विचारलं, वैदामूच्या नर्सबाईंचा राजीनामा एकतीस तारखेचाच धरायचा ना? रेडिओ पाचही गावांत ऐकू जातो. त्या दिवशी त्या बेटावर चहा थंड झाला असेल तेवढाच, बाकी सगळं तापलं.

अलुमिता परतली तेव्हा घरात चटया नव्या अंथरलेल्या होत्या आणि ओसेया भिंतीला टेकून बसला होता. मधल्या खांबाच्या खुंटीला देवमाशाचा एक मोठा, जुना, पिवळट पडलेला दात काथ्याच्या दोरीने टांगलेला होता. तिने पिशवी खाली ठेवली नाही.

"हा कुणाचा?"

"पाचही गावं आली होती," ओसेया म्हणाला. "गावचे वडील वाइसाकेबाबा स्वतः पुढे होते. तू जाऊ नयेस, दुसरी नर्स येईपर्यंत तरी राहावंस, असं मागायला."

"आणि तू घेतलास?"

ओसेया चटईच्या कडेचे धागे ओढायला लागला.

"ओसेया, मी विचारते, तू हात लावलास?"

"म्हातारा माणूस गुडघ्यांवर सरकत आला गं माझ्यापुढे. दोन्ही हातांनी दात धरलेला. मागे तीस माणसं बसलेली. माझे हात आपोआप पुढे झाले. लहानपणापासून तेच शिकवलंय, दात पुढे आला की घ्यायचा. घेऊन झाल्यावर मला कळलं काय केलं ते."

तुमच्याकडे विडा उचलला की माघार नाही, तसंच हे. दात नको असेल तर त्याच वेळी, हात न लावता, नको म्हणायचं. एकदा हातात घेतला की मागणी मान्य. दात घेऊन मग शब्द फिरवणाऱ्याचं नाव तीन पिढ्या निघतं. अलुमिताला नवऱ्याचा इतका राग आला होता की ती बाहेर गेली आणि अंधारेपर्यंत आत आली नाही. पण तिला हेही दिसत होतं की तिने आधीच जुडी ठेवून निरोप घेतला असता तर हा दात घरापर्यंत आलाच नसता. स्वतःच्या चुकीला नवऱ्याचे हात तेवढे लागले होते.

तिने राजीनामा मागे घेतला. दुसरी नर्स येईपर्यंत, असं ठरलं. दुसरी नर्स आली नाही. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. वादळाच्या दिवसांत तिने चौथ्या गावात तीन दिवस अडकून एक बाळंतपण केलं. नाताळात देवळात भजन म्हणताना तिचा ओठ पुन्हा ओढला गेला. तिने तोंडावर हातपंखा धरला आणि गाणं संपेपर्यंत तो खाली केला नाही. गोळ्या वाढवल्या. दोनशेच्या खाली आकडा येत नव्हता. लोक भाज्या आणून देत, अळूचे कंद, खेकडे, आणि म्हणत, नर्सबाई, तुम्ही राहिलात म्हणून बरं झालं. हे ऐकलं की ती कसनुशी हसायची.

फेब्रुवारीत एक बाई तापलेलं पोर घेऊन आली. अलुमिताने औषध भरलं. टोचायच्या आधी बाटलीवरचं लेबल पुन्हा वाचायची तिला सवय होती, शिकत असल्यापासूनची. तिने वाचलं, मग सिरिंजकडे पाहिलं. चारपट औषध भरलं होतं. पोर आईच्या मांडीवर हुंदके देत होतं आणि आई नर्सबाईंकडे पूर्ण विश्वासाने बघत होती. अलुमिताने ते ओतून दिलं, नवीन भरलं, तिसऱ्यांदा वाचलं, टोचलं. ती बाई गेल्यावर मात्र अलुमिता जमिनीवरच बसली.

त्या संध्याकाळी तिने ट्रंक उघडली आणि आईच्या मयताचा दात बाहेर काढला.

"उद्या वाइसाकेबाबांकडे जायचं," ती ओसेयाला म्हणाली. "त्यांचा दात परत द्यायचा, आणि हा पुढे ठेवून निरोप मागायचा."

"दिलेला दात परत? अगं, लोक काय म्हणतील?"

"माझ्या मयताला येऊन जे म्हणणार आहेत ते आत्ताच म्हणतील. मी असेन तर ऐकेन तरी."

ओसेया उठला. त्याने आपला चांगला सदरा झटकला आणि खिळ्याला लावून ठेवला.

वाइसाकेबाबा वैदामूचे वडीलधारे, वय अठ्ठ्याहत्तर. नांगी मोडलेल्या खेकड्यासारखा एक हात थोडा वाकडा, कारण तरुणपणी तो बोटीखाली चेमटला होता. त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी पाचही गावांची माणसं जमली. बातमी रेडिओने नव्हे, यावेळी ओसेयाने घरोघर जाऊन दिली होती. पुरुष वरच्या बाजूला बसले, बायका दाराकडे. वाइसाकेबाबांची बायको तितिलिया खांबाशी बसून पंखा हलवत होती.

रीतीप्रमाणे बोलायचं होतं ओसेयाने. तो दोन्ही दात घेऊन सरकत पुढे गेला, सुरुवातीची मानाची वाक्यं म्हणाला, आणि तिथेच त्याचा आवाज बसला. त्याने दोनदा घसा खाकरला. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तो मान खाली घालून तसाच बसला. सभेत असं कुणी केलेलं कुणाला आठवत नव्हतं.

अलुमिता बायकांतून उठली, गुडघ्यांवर सरकत त्याच्या शेजारी आली आणि दात तिने आपल्या हातात घेतले.

"बाबा," ती म्हणाली, "हा तुमचा दात. तुमची मागणी मी मोडते आहे, त्याची लाज माझ्या माथ्यावर, ओसेयाच्या नव्हे. हा दुसरा माझ्या आईच्या मयताला आला होता. आई त्रेपन्नाव्या वर्षी डोक्यातली शीर फुटून गेली. मलाही तेच होतंय. दोनदा झालं. काल मी एका लेकराला चारपट औषध टोचणार होते. मी आधी येऊन निरोप मागायला हवा होता, भ्यायले, म्हणून मागितला नाही. आता मागते. मला जाऊ द्या."

एका कोपऱ्यात एक बाई पुटपुटली, कुणाचं लेकरू गं.

दुसऱ्या गावचा एक माणूस मागून म्हणाला, "नर्सबाई, आमची सून आठव्या महिन्यात आहे." तो रागाने बोलला नाही. त्याला खरंच तेवढंच सुचलं होतं. अलुमिताने मान वर केली नाही, कारण त्या सुनेला इतके महिने तीच तपासत आली होती.

वाइसाकेबाबा दाताकडे बघत होते. हात पुढे करत नव्हते.

"किती येतं तुझं ते बीपी?" त्यांनी विचारलं.

"दोनशे दहा."

"माझं एकशे सत्तर आलं होतं तेव्हा तू मला आठ दिवस शिव्या घालत होतीस. माझी लोणच्याची बरणी उचलून नेलीस."

"हो बाबा."

"आणि दोनशे दहा घेऊन आमच्या बोटीत बसत होतीस."

म्हातारा स्वतःशीच मान हलवत राहिला. मग तो मोठ्याने म्हणाला, आणि ते सगळ्यांना उद्देशून होतं, "आपण नर्स मागितली. बाई कशी आहे हे एकानेही विचारलं नाही. मी धरून."

त्यांनी दोन्ही हात पुढे केले, वाकडा आणि सरळ, आणि आधी आपला, मग तिच्या आईच्या मयताचा दात घेतला. रीतीप्रमाणे नाकाशी नेऊन हुंगला. ओंजळींच्या टाळ्या पडल्या, संथ, एका तालात. मग वाइसाकेबाबांनी जाण्याची परवानगी देण्याची वाक्यं म्हटली आणि शेवटी रीतीत नसलेलं एक वाक्य जोडलं. "आजपासून या पोरीला कुणी बोलवायला जायचं नाही. कुणाच्याही घरी काहीही झालं तरी. हा माझा शब्द आहे."

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात अलुमिता आणि ओसेया बेटाच्या पलीकडे त्याच्या जमिनीवर राहायला गेले. गावांनी भेट दिलेल्या चटया बोटीत इतक्या चढवल्या होत्या की सेरेमाया म्हणाला, ही नर्सबाई निघाली की देऊळ निघालं. सगळे हसले आणि बायका रडल्या.

सुरुवातीचे दिवस वाईट गेले. काम नसलेले हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. ती रोज वैदामूच्या दिशेच्या टेकडीकडे बघायची आणि कोण कसं असेल याचा विचार करत बसायची. तिला अपराधी वाटायचं, आणि ते ती ओसेयाला सरळ सांगायची. तो म्हणायचा, चल, अळू खणू. मग दोघं खणायची. महिन्याभराने ती टेकडीपर्यंत चालत जायला लागली. खाणं ताटात घेऊन खायला लागली. डॉक्टर नायडूंनी एक यंत्र पाठवून दिलं होतं. मे महिन्यात त्याच्यावर दीडशे आलं तेव्हा तिने ते ओसेयाला दाखवलं, आणि त्याला आकड्यातलं काही कळत नसूनही तो खूप खूश झाला. तोंड ओढलं जाणं थांबलं. कुणीही तिला बोलवायला आलं नाही. आठव्या महिन्यातल्या त्या सुनेला तिच्या सासऱ्याने आधीच लेवुकाला नेऊन ठेवलं होतं, हेही तिला बाजारात कुणाकडून तरी उशिरा कळलं. वैदामूची जागा अजून रिकामीच होती.

जुलैच्या एका सोमवारी सेरेमाया आला. किनाऱ्यावर उतरल्यावर त्याने थट्टा केली नाही. वाइसाकेबाबा शनिवारी गेले, एवढंच तो म्हणाला.

अलुमिता चटई घेऊन गेली. वाइसाकेबाबांना घरात मधोमध ठेवलं होतं, भोवती बायका बसल्या होत्या. तितिलियाने तिला हाताने आपल्या शेजारची जागा दाखवली. बाहेर पुरुष मयताच्या जेवणाच्या भट्टीसाठी दगड रचत होते त्याचा आवाज येत होता.

मग तितिलियाने हळू आवाजात सांगितलं. शनिवारी सकाळी ते मळ्यातून लवकर आले. घाम खूप आला होता. छातीत जड वाटतंय म्हणाले, मग जबडा दुखतो म्हणाले, मग डावा हात. रेडिओवरून लेवुकाला कळवलं, तिथून बोट निघाली. सेरेमाया आपली बोट पाण्यात लोटून उभा होता. नर्सबाईंना आणतो, एक तास जायला, एक तास यायला, म्हणत होता. इकडे दुपार व्हायला अवकाश होता. म्हाताऱ्याने त्याला जाऊ दिलं नाही. लेवुकाची बोट टोकाला वळसा घालत होती तेव्हा ते गेले.

"चार तास होते," अलुमिता म्हणाली. तिच्या तोंडून ते निघून गेलं.

"चार तास होते," तितिलिया म्हणाली. तिने डोळे पुसले नाहीत, अलुमिताकडे वळून बसली. "खरं सांग मला. तू आली असतीस तर?"

हा प्रश्न अलुमिताला एकोणीस वर्षांत कितीतरी घरांत विचारला गेला होता आणि तिचं उत्तर ठरलेलं असे. नाही, काही करता आलं नसतं, त्यांची वेळ आली होती. हे उत्तर ती मेलेल्याच्या माणसांना झोप लागावी म्हणून द्यायची आणि त्यात तिला कधी चुकीचं वाटलं नव्हतं. आता तिला ते देता येईना. जिभेखालची गोळी तिच्या घरात होती. चघळायची गोळीही होती. ती दोन तासांत इथे पोचली असती.

"वाचले असते बहुतेक," ती म्हणाली, आणि तिला इतकं रडू आलं की तिला तोंड दोन्ही हातांनी झाकावं लागलं.

तितिलियाने तिच्या पाठीवर हात ठेवला. तिचा आवाज स्थिर होता. "त्यांनाही ते ठाऊक होतं. सेरेमायाला तेच म्हणाले. ती आली तर मी वाचेन, आणि मी वाचलो की उद्यापासून सगळेच तिला बोलवायला जातील."

बाहेरून कुणीतरी पाणी आणून ठेवलं. तितिलियाने आधी अलुमिताला दिलं, मग स्वतः प्यायली.